न चाखलेलं पायसम

आमच्या ह्यांचा उजवा हात ह्यांचं ऐकत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. तोंडाने माणूस म्हणत होता, "नको तंकम, पोट गच्च भरलंय," आणि हात गुळात घोळलेल्या केळ्याच्या कापांच्या डब्यात मनगटापर्यंत गेलेला. मी नवी नवरी, काय बोलणार? हसले. तेव्हाच दोन रट्टे घातले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

शंकुण्णी नायर हे ह्यांचं नाव. आमच्या केरळातल्या निळा नदीच्या दोन्ही काठांना लग्न ठरलं की आधी मुहूर्त बघतात आणि मग शंकुण्णी मोकळे आहेत का ते बघतात. सांबार, अवियल, कालन हे सगळं हाताखालचा चामी आणि बाकीची मंडळी करतात. प्रधमन मात्र ह्यांचंच. गुळाचं, नारळाच्या दुधातलं, दाट, तपकिरी, चमकदार पायसम. हे त्या पसरट काशाच्या उरुळीपाशी उभे राहिले की कुणाची बोलायची टाप नसते. पण त्या उरुळीतलं पानावर किती जायचं आणि स्वयंपाक्याच्या पोटात किती, ते एक तो गुरुवायूरप्पन जाणे. गूळ विरघळला की चाख. अडा म्हणजे तांदळाचे पातळ तुकडे, ते पडले की चाख. दुसरं दूध घातलं की चाख. उतरवून शेवटचं दूध घातलं की चाख, आणि मग खात्री करायला पुन्हा चाख. मी काही बोलले की ठरलेलं उत्तर यायचं, "अगं, स्वयंपाक्याने चाखायचं नाही तर कुणी चाखायचं? पोटासाठी का करतोय? धंद्यासाठी करतोय!"

धंदा म्हणे! मग घरी मिठाच्या बरणीमागे गुळाची ढेप कुठल्या धंद्यासाठी लपवलेली असायची? भांडण झालं की गूळ. आनंद झाला की गूळ. लेकीचं स्थळ पक्कं झालं तेव्हा आम्ही सगळे देवाला नमस्कार करायला वाकलो, आणि हे नमस्कार करून सरळ स्वयंपाकघरात.

साखरेचा आजार झाला, गुडघे धरले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोड बंद सांगितलं. ह्यांनी चहातली साखर बंद केली आणि गावभर सांगत सुटले की मी गोड सोडलं. मग मेडम महिन्यात, उन्हाळ्याच्या ऐन लग्नसराईत, एका लग्नाच्या स्वयंपाकात हे उरुळीपाशी उभ्या उभ्या भोवंडले. चामीने मागून कमरेला मिठी घातली म्हणून वाचले. हात-दीड हात खाली जाळ होता. चामी मला सांगताना रडत होता, आणि हा बाबा खुर्चीत बसून विचारत होता, "प्रधमन करपलं नाही ना?"

आमची लेक अंबिली हे कळताच घरी आली ती बॅगही खाली न ठेवता ह्यांच्यासमोर उभी राहिली. पोर माझ्यावर गेलीय, तोंडाने फटकळ. तिचं लग्न पाऊस सरल्यावरच्या चिंगम महिन्यातल्या पहिल्या मुहूर्तावर ठरलेलं.

"अच्छन, एक गोष्ट नीट ऐका," ती म्हणाली. "माझ्या लग्नात तुम्ही उरुळीजवळ जायचं नाही. नवं मुंडू नेसायचं, पहिल्या रांगेत खुर्चीत बसायचं. प्रधमन दुसरं कुणीतरी करेल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ही जन्मली त्या दिवशी इस्पितळाच्या दारात चामीच्या बापाला ह्यांनी सांगितलं होतं, हिच्या लग्नाचं प्रधमन माझ्या हातचं. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या लग्नात हेच ऐकवायचे. आता चेहरा पार उतरला.

"मोळे, पोरी, असं नको बोलू गं," ते म्हणाले.

"मला पायसम नको आहे," अंबिली म्हणाली. "मला बाप हवाय. बाप जळताना बघायला मी मांडवात बसणार नाही."

ह्यांनी मान डोलावली, उठले आणि आत गेले. मी मागोमाग गेले. मिठाची बरणी बाजूला सारलेली आणि गाल फुगलेला. रागवावं की रडावं, मला कळेना.

चिंगमच्या आधीचा कर्किटकम महिना लागला की आमच्याकडे लग्नं बंद. पाऊस कोसळत असतो, स्वयंपाकी घरी बसतात आणि जो तो अंगाला तेल चोळून औषधी कांजी पीत पडून राहतो. मी ह्यांना धरून भार्गवी वैद्यम्मांकडे नेलं. अंबिलीही आली, पाळत ठेवायला. वैद्यम्मा ठेंगणी बाई, आवाज मात्र देवळातल्या चेंडा ढोलासारखा दणदणीत. नाडी बघितली, जीभ बघितली, डॉक्टरांचे कागद बघितले.

"गोळ्या चालू ठेवायच्या," त्या म्हणाल्या. "माझ्या काढ्याच्या भरवशावर त्या बंद केल्यात तर मी दारातून आत घेणार नाही. आणि अंबिली, हा महिना मला दे. महिना संपल्यावर बघू, ह्यांना उरुळीपाशी उभं करायचं की खुर्चीत बसवायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर खुर्ची. मीच शेजारी बसेन पंखा घेऊन."

मग सुरू झालं. सकाळी सूर्यनमस्कार. जमिनीवर ह्यांचं पोट आधी पोचायचं, हे मागून. कडू काढा पिताना असं तोंड करायचे की गोठ्यातली गाय वळून बघायची. जेवण बसून, हळूहळू, भूक लागल्यावरच. आणि खाण्याकडे हात गेला की थांबून स्वतःला विचारायचं, कुणाला हवंय, पोटाला, जिभेला की नुसतं हाताला? उत्तर काहीही येवो, आधी हात पोटावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि भुंग्यासारखा गुणगुणत श्वास सोडायचा, तो संपेपर्यंत. मग अजून हवंसं वाटलं तर पुन्हा एकदा. ह्यांचं गुणगुणणं एवढं मोठ्याने चालायचं की शेजारच्या कमलाक्षी चेचीने विचारलं, "तंकम, मिक्सर नवा घेतलास का गं?"

पहिला आठवडा बरा गेला. मला वाटलं, सुटलो. तर एके दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालून आत येते, तो हे गप्प बसलेले आणि माझी लेह्याची बरणी रिकामी. रिकामी म्हणजे बोट फिरवून पुसलेली! कंबर दुखते म्हणून मी वैद्यम्मांकडून मेथीचं लेह्य, म्हणजे औषधी चाटण, आणलं होतं. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा, महिनाभर पुरेल एवढं. गुळात शिजवलेलं असतं ना ते.

"अहो, हे काय केलंत?"

"औषध आहे ते," हे गंभीरपणे म्हणाले. "पथ्यात बसतं."

कपाळ माझं! जगात एवढा निष्पाप चेहरा मी दुसरा बघितला नाही. संध्याकाळपर्यंत पोटात ढग गडगडायला लागले आणि चेहऱ्याचा निष्पापपणा पार गेला. अंबिलीने बरणी उचलली, आत बघितलं आणि चुलीजवळ ठेवून दिली.

"संपलं," ती म्हणाली. "खुर्ची."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वैद्यम्मांकडे. मला वाटलं, आता ह्यांची धडगत नाही. वैद्यम्मांनी ऐकलं आणि अशा हसल्या की पदराने डोळे पुसायची वेळ आली. "अख्खी बरणी? माझ्या लेह्याची एवढी किंमत आजवर कुणी केली नव्हती!" मग हसू आवरून त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "बरणी उघडलीत तेव्हा भूक लागली होती?"

"हो."

"शंकुण्णी, माझ्याकडे बघून सांगा."

हे जमिनीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाही. अंबिली बाहेर फोनवर बोलत होती. दुसऱ्या स्वयंपाक्याशी. तारीख विचारत होती त्याला."

अंबिलीने ओठ चावला. 

"आणि उरुळीपाशी चाखता तेव्हा?" वैद्यम्मांनी विचारलं.

"तेव्हा..." ह्यांनी मोठा श्वास घेतला. "बिघडलं असेल असं वाटतं. एवढी माणसं जेवायची असतात. चाखलं की घडीभर बरं वाटतं. पुन्हा वाटतं, आता बिघडलं असेल."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला खादाड म्हणत आले. हा घाबरट निघाला! मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांसमोर.

"मग जिभेला कशाला पथ्य लावत बसू?" वैद्यम्मा म्हणाल्या. "उद्यापासून माझ्याकडे कामाला या. लेह्य ढवळणारा माझा माणूस गावी गेलाय. तुम्हाला गुळाचा पाक कळतो."

"वैद्यम्मा!" मी ओरडलेच. "मांजराला दुधावर बसवताय?"

"बसवते की. पण पहिलं लेह्य जुलाबाचं आहे. शंकुण्णी, खुशाल चाखा. चाखलंत की दिवसभर मागच्या अंगणात."

अंबिली पहिल्यांदा हसली.

असे आमचे हे औषधाच्या कढईपाशी उभे राहिले. पहिल्याच दिवशी वैद्यम्मांशी वाद. पाक झाला हे न चाखता कळणार कसं? तर वैद्यम्मांनी थेंब पाण्यात टाकून दाखवला. पसरला नाही, सरळ तळाला जाऊन बसला. मग चिमटीत घेऊन तार काढली. मग गोळी करून अंगठ्याने दाबली आणि अंगठ्याच्या रेषा तिच्यावर उमटल्या.

"झालं. उतरवा."

"ठशावरून पाक ओळखायचा?" ह्यांना अपमान वाटला. "मी काय पोलीस आहे?"

"प्रत्येक औषध चाखून बघायचं म्हटलं, तर वैद्य आठवडाभर तरी टिकेल का हो?"

ह्यावर ह्यांनी तोंड वाकडं केलं. पण ढवळता ढवळता बघायला लागले. वास कसा बदलतो, बुडबुडे कधी जड होतात, कलथ्यावरून धार तुटते की लोंबते. घरी येऊन मला सांगायचे, जसं काही गूळ काल पहिल्यांदा बघितला. एकदा हात गेला. जुलाबाचं लेह्य संपून च्यवनप्राशाची पाळी आली होती, वास घमघमत होता, आणि ह्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. हे मला कसं कळलं? त्यांनीच सांगितलं! घरी येऊन चपला काढायच्या आत म्हणाले, "तंकम, आज एक खडा खाल्ला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पकडल्याशिवाय कबूल केलेला हा पहिला गूळ. मी रागवायचं विसरूनच गेले.

महिना सरता सरता मुंडूची गाठ आत सरकली. कारल्याची भाजी खाऊन म्हणाले, ह्यालाही एक गोडवा आहे. मी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. भूक लागली की "भूक लागली" म्हणायचे आणि नसली की नाही म्हणायचे. ऐकायला साधं वाटतं. ह्या घरात तो चमत्कारच होता.

वैद्यम्मांनी निकाल दिलाच नाही. म्हणाल्या, "बाप कुणाचा? तिने ठरवावं."

अंबिलीने ह्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "करा प्रधमन. पण माझी पंगत होईपर्यंत थेंबही तोंडात जाता कामा नये. गेला तर कलथा तिथल्या तिथे चामीच्या हातात. आणि अम्मा तिथे उभी राहील."

"थेंबही नाही," हे म्हणाले. आवाज घाबरलेला होता.

लग्नाच्या दिवशी पहाटेच आम्ही मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात. मी नवऱ्या मुलीची आई, पट्टुसाडी नेसलेली, आणि उरुळीपाशी पहारा देतेय! बायका येऊन विचारायच्या, "तंकम चेची, इथे काय करताय?" काय सांगणार? म्हटलं, ऊब घेतेय.

गूळ विरघळला. अडा पडल्या. नारळाचं पातळ दूध आटलं, दुसरं दूध पडलं, आटत आलं. हे कलथा फिरवत होते, आणि एवढा वेळ सगळं ठीक होतं. मग चामी जवळ आला. गूळ नव्या व्यापाऱ्याकडचा होता, आणि नवा गूळ कधीकधी खारट निघतो.

"आशान," तो आपल्या उस्तादाच्या कानाशी कुजबुजला, "रंग जरा वेगळा वाटतोय. खारट तर नसेल ना? एकदा चाखून घेतलं असतं तर..."

"तूच चाख मग," मी म्हटलं.

"चेची, गणपतीच्या पानावर नैवेद्य वाढायच्या आधी? मी नाही बाबा." आशानना मात्र सांगायला आला होता, शहाणा!

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मला त्या चेहऱ्यावर सगळं दिसलं. बाहेर माणसांनी भरलेला मांडव, जावयाकडची मंडळी, आणि पोरीच्या लग्नात खारट प्रधमन. शेवटचं दूध एकदा पडलं की काही दुरुस्त करता येत नाही. ह्यांनी पळीत थोडं घेतलं. फुंकर मारली. पळी ओठांजवळ गेली.

मी ओरडायला तोंड उघडलं. पण आवाज काढला नाही. मला वाटलं, आज मी अडवलं तर तो माझा विजय, ह्यांचा नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पळी तशीच राहिली. मग खाली आली. हात पोटावर गेला, डोळे मिटले, आणि त्या भरल्या स्वयंपाकघरात आमचा मिक्सर सुरू झाला. भाज्या चिरणाऱ्या बायका खिदळल्या. चामी बावरला. हे गुणगुणत राहिले, श्वास संपला, दुसरा घेतला, पुन्हा गुणगुणले. मग डोळे उघडून पायसमावर वाकले. वास घेतला. आधीच्या पाकातला एक थेंब बशीत निवायला ठेवला होता, तो चिमटीत घेऊन त्याची तार काढली. ती दाराच्या उजेडात धरली; खारट गुळाची तार गढूळ दिसते आणि पटकन तुटते, ही लांब आणि सोनेरी होती.

"चांगला गूळ आहे," ते म्हणाले. "उतरवा. दूध आणा."

समईपुढच्या गणपतीच्या पानावर पहिलं वाढणं झालं. मुहूर्ताला मंगळसूत्राची ताली बांधली, मी रडले, तेही रडले. मग पंगत बसली. प्रधमन वाढायची वेळ आली तेव्हा ह्यांनी वाढप्याच्या हातून बादली घेतली आणि दुखरे गुडघे घेऊन स्वतः निघाले, सरळ अंबिलीच्या पानापाशी.

पळीभर वाढलं. अंबिलीने पापड चुरला, केळं कुस्करलं, कालवलं आणि घास घेतला. हे बादली धरून उभेच. सगळ्या पंगतीत पुढे सरकायचं सोडून एका पानाशी थांबलेले.

"कसं झालंय?" ह्यांनी विचारलं.

अंबिलीने मान वर केली. ह्या माणसाने जन्मात कुणाला असं विचारलं नव्हतं. हे नेहमी सांगायचे, आज कसं झालंय ते.

"तुम्हाला माहीत नाही?" तिने विचारलं.

"नाही गं मोळे," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. तू सांग."

अंबिली त्यांच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं, दोन तास खपून केलेला सगळा शृंगार पाण्यात. जावई घाबरून पाण्याचा पेला पुढे करायला लागला. तिने पेला बाजूला सारला आणि पान पुढे सरकवलं.

"वाढा," ती म्हणाली. "अजून वाढा."

ह्यांनी वाढलं. मग पुढच्या पानावर, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत जात होते, पहिला घास गेला की चेहरा कसा होतो ते. गुडघे दुखत होते तरी बादली कुणाला देईनात. मी खांबाशी उभी राहून बघत होते आणि मला इतका आनंद होत होता की कुणाला तरी मिठी मारावी. जवळ कमलाक्षी चेची होती, तिलाच मारली.

शेवटच्या पंगतीला हे चामीशेजारी जेवायला बसले. मी पळीभर प्रधमन वाढलं आणि बादली घेऊन समोरच उभी राहिले. दुसऱ्यांदा मागितलं की काय काय ऐकवायचं, ते मनात पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी सावकाश खाल्लं. शेवटचा घास घेऊन डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"वेलची कमी पडली," ते म्हणाले.

चामीला ठसका लागला. सगळी पंगत हसली. मी बादली पुढे केली, मुद्दामच. "घालू अजून?"

त्यांनी क्षणभर बादलीकडे बघितलं. खरं सांगते, बघितलं. मग जेवण झालं म्हणून पान मिटलं. "नको तंकम, पोट भरलं," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

भांडायची एवढी तयारी, सगळी वाया. मी बादली घेऊन त्यांच्याच जागी बसले आणि उरलेलं प्रधमन आनंदाने संपवलं. वेलची खरंच जराशी कमी होती.